कल्हई वितळली! कथलाचा धूर विषारी असतो का?

उंबरठा
परवा एक उपद्व्याप करून ठेवलाय, जाणकारांनी मदत करा.

सासूबाईंकडून आलेलं पितळी पातेलं आहे, साधारण चार लिटरचं. काठावर टोच्याने ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं नाव त्यांच्याही सासूबाईंचं. बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. गेल्या महिन्यात सोसायटीच्या फाटकाशी कल्हईवाला आला, तेव्हा हौसेने कल्हई करून घेतली. आतून नुसतं लखलखत होतं.

परवा त्यात आमटी करायची म्हणून रिकामं पातेलं गॅसवर ठेवलं. तेवढ्यात दारात कुरियरवाला. त्याला ओटीपी हवा, माझा फोन बेडरूममध्ये चार्जिंगला. ओटीपी येईना, आला तो चुकीचा, असं करत सात-आठ मिनिटं गेली. परत येऊन बघते तर आतली लकाकी जागोजागी फाटल्यासारखी झालेली, आणि बुडाशी चकचकीत थेंब, थर्मामीटर फुटल्यावर पारा पळतो ना, तसे. सांडशीने पातेलं जरा कलतं केलं तर सगळे घरंगळत एका कडेला जमा झाले. स्वयंपाकघरात थोडा पांढरट धूर होता, नाकाला झोंबणारा. गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. दोन वर्षांचा मुलगा तिथेच ओट्याखाली डबे वाजवत बसला होता.

प्रश्न असे: तो धूर विषारी होता का? पातेलं आता वापरावं का? आणि हे थेंब आता थंड होऊन मणी झालेत, त्यांचं काय करू? नेटवर शोधलं तर पहिल्या ओळीपासून कॅन्सर. झोप उडाली आहे.

खडूस
अडगुलं मडगुलं, सोन्याचं कडगुलं, कथलाचा वाळा. मण्यांचा करून टाका.

जागरूक_नागरिक
ताई, हलक्यात घेऊ नका. टिनची, म्हणजे कथलाची, वाफ थेट मेंदूवर परिणाम करते, नसा कायमच्या निकामी होतात. जहाजांच्या रंगात टिन वापरायचे, समुद्रातल्या गोगलगायींची लिंगं बदलली म्हणून जगभर बंदी आली. आपण मात्र त्यात आमटी करतो. पातेलं ताबडतोब भंगारात द्या. स्टील झिंदाबाद.

सात्त्विक
काहीही. कथील म्हणजे वंग. वंगभस्म आयुर्वेदात औषध म्हणून पोटात देतात. पूर्वजांनी शेकडो वर्षं कल्हईच्या भांड्यात खाल्लं, कुणी मेलं नाही.

खडूस
पूर्वजांपैकी एकही आज हयात नाही, हा निव्वळ योगायोग असावा.

धातुवेडा
वरच्या दोन्ही प्रतिसादांत धातू एकच दिसला तरी पदार्थ वेगळे आहेत. सावकाश लिहितो.

कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. धातूंच्या मानाने हे फारच कमी. शिसं 327, जस्त 420, तांबं 1085. रिकामं भांडं मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटांत 232 सहज ओलांडतं, म्हणजे धागाकर्तीने पाहिलं ते अगदी ठरल्याप्रमाणे झालं. पण वितळणं वेगळं आणि वाफ होणं वेगळं. कथील उकळायला अडीच हजार अंशांच्याही वर जावं लागतं. वितळायला इतकं सोपं आणि उकळायला इतकं अवघड असे धातू थोडेच. त्यामुळे घरच्या गॅसवर कथलाची म्हणावी अशी वाफ होतच नाही. जास्त तापलं तर वर करडी-पांढरट साय धरते, ते कथलाचं ऑक्साईड. पाण्यात विरघळत नाही, पोटात गेलं तरी बहुतेक तसंच बाहेर पडतं.

जहाजांच्या रंगातलं ते ट्रायब्युटिलटिन. कथलाला कार्बनच्या साखळ्या जोडून कारखान्यात बनवलेलं सेंद्रिय संयुग. ते खरोखरच घातक आणि त्यावरची बंदीही खरी. त्याच कुळातल्या एका संयुगाच्या गोळ्या 1954 साली फ्रान्समध्ये गळवांवर औषध म्हणून विकल्या गेल्या आणि शंभराच्या आसपास माणसं दगावली. पण पातेलं तापवून ते तयार होत नाही. मिठात क्लोरीन आहे म्हणून आपण मिठाला विषारी वायू म्हणत नाही, तसंच हे.

वंगभस्माबद्दल: भस्म म्हणजे धातू नव्हे, आणि औषध म्हणून देतात यावरून त्याची वाफ निर्धोक ठरत नाही. दोन वेगळे प्रश्न.

जागरूक_नागरिक
मग तो धूर कसला होता? धूर तर तिने डोळ्यांनी पाहिला ना.

धातुवेडा
रास्त प्रश्न. झोंबणारा होता म्हणजे माझा संशय नवसागरावर (अमोनियम क्लोराईड). कल्हई करताना टाकलेला नवसागर बारीकसारीक खाचांत, काठाच्या वळीत राहतो. तो तापला की थेट अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ होते, आणि हवेत दोन्ही पुन्हा जुळून पांढरा धूर. भांडं घासताना राहिलेला तेलकटपणाही जळला असेल.

शेंगदाणे_आजी
आमच्या कोपरगावच्या वाड्यात कल्हईवाला यायचा तो दिवस म्हणजे सण. चिंचेखाली खड्डा खणून भट्टी, चामड्याचा भाता. त्याचा पोरगा मोठ्या भांड्यात वाळू नि गोणपाट घालून आत उभा राहायचा आणि भिंतीला धरून कमरेपासून गर्रकन गर्रकन वळायचा, भांडं आतून घासून निघायचं. मग भांडं तापलं की चिमूटभर नवसागर, कथलाची कांडी नुसती टेकवायची, कापसाच्या बोळ्याने फस्सकन एक हात फिरवला की काळ्याचं चांदी. शेवटी पाण्यात चर्र! त्या धुराचा वास अजून नाकात आहे. आता कुठे राहिले ते दिवस.

आणि उंबरठा, बाळा, आमच्या आईचा नियम होता, कल्हईचं भांडं कोरडं चुलीवर चढवायचं नाही. आधी घोटभर पाणी, मग जाळ. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओतायची. तळण लोखंडी कढईत. कल्हईत वरण, कढी, खीर, सार.

निमकी
आजी, किती सुंदर! डोळ्यांसमोर उभं राहिलं. +१

धातुवेडा
आजींच्या आईंना 232 हा आकडा ठाऊक नसेल, पण नियम नेमका त्याच्या अलीकडे बेतलेला आहे. पाणी आहे तोवर भांड्याचं बूड शंभराच्या फार वर जात नाही. तेलाचं तसं नाही. शेंगदाणा तेलातून धूर निघायला लागतो तेव्हा ते 230च्या आसपास पोचलेलं असतं. म्हणजे कल्हईच्या भांड्यात तेलाने धूर सोडला की कथील वितळायच्या बेतात आहे असं समजावं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्याकडे टिन म्हणजे छपराचं. शीर्षक न वाचताच आत आलो, म्हटलं मे महिन्यात टिनाखाली झोपून माणसाचं काय होते त्याच्यावर चर्चा असंल.

डाख
@वऱ्हाडी_ठेचा, त्या छपरात कथील नसतंच हो. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा. वेल्डिंग करताना ते जस्त जळून पांढरा धूर होतो, तो ओढला की रात्री थंडी वाजून ताप येतो, दुसऱ्या दिवशी उतरतो. आमच्या गल्लीतला वेल्डर त्यावर गूळ खातो. गुळाचा उपयोग शून्य, पण गूळ चांगला असतो.

माझं टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, तीस वर्षं डाख देतोय, म्हणजे सोल्डरिंग करतोय. जुनी डाखाची तार म्हणजे 63 टक्के कथील, 37 टक्के शिसं. दोन धातू मिसळले की दोघांपेक्षा लवकर वितळतं, 183 अंशांना. आता बिनशिशाची तार आली आहे. तिला 217च्या पुढे न्यावं लागतं, डाखाची इस्त्री जास्त तापवा, सांधा मळकट दिसतो. म्हातारे कारागीर शिव्या घालतात, मीही घालतो. पण वापरतो.

आणि डाख देताना जो धूर वर येतो ना, तो धातूचा नसतो. तारेतल्या राळेचा असतो. त्यानेच मला दमा लागला. शिसं नाकाने नाही, बोटांवरून तोंडात जातं. हात न धुता वडापाव खाल्ला की गेलं. माझ्या वस्तादाची बोटं कायम करडी असायची आणि त्याच बोटांनी तो तंबाखू मळायचा.

चेन्नैची_सून
विषयाला धरूनच थोडं अवांतर. माझ्या सासरी रसम करायला ईयच्चोंबू असतो. मुलामा वगैरे नाही, अख्खं भांडंच कथलाचं. हातात घेतलं तर जड, मऊ, पडलं तर पोचा येतो. रसमला त्यात एक निराळी चव येते असं सगळे शपथेवर सांगतात.

लग्नानंतर तिसऱ्या आठवड्यात मी तो रिकामा गॅसवर ठेवला आणि चिंच शोधायला वळले. परत वळले तर चोंबूला बूड नाही! बर्नरवर चांदीचं थारोळं. सासूबाई आल्या, पाहिलं, काही बोलल्या नाहीत. आतून दुसरा चोंबू आणून पुढ्यात ठेवला. नंतर कळलं, घरातल्या प्रत्येक सुनेने एकेक वितळवलाय, आणि त्यांनीही. नियम आजींचाच: आधी चिंचेचं पाणी, मग आच.

गंमत म्हणजे तमिळमध्ये ईयम हा शब्द कथलालाही चालतो आणि शिशालाही. पांढरं ईयम आणि काळं ईयम. त्यामुळे चोंबू घेताना दुकानदाराला दहा वेळा विचारावं लागतं, पांढरंच ना? स्वस्त चोंबूत काळं मिसळलेलं असतं.

उंबरठा
सगळ्यांचे आभार, जरा जिवात जीव आला. पण सूनबाईंच्या शेवटच्या वाक्याने परत गेला. कल्हईतही शिसं मिसळतात का??

भाता
मिसळतात.

फार लिहीत नाही इथे, पण हा विषय घरचा. आजोबा आणि वडील, दोघं कल्हईवाले. कऱ्हाड, पाटण, उंब्रज ही आमची फिरती. मी आठवीपर्यंत भाता मारलाय, भांड्यात उभा राहून गर्रकन वळणारा पोरगा तो मीच. आजी, राग मानू नका, तुम्हाला त्या धुराचा वास आठवतो, मला आबांचा खोकला आठवतो. नवसागराचा धूर दिवसभर तोंडावर. संध्याकाळी डोळे लाल, घशात खरवड. रात्री खाटेवर उठून बसायचे. भांड्यात वाकल्याशिवाय बोळा फिरवता येत नाही, म्हणजे धूर चुकत नाही. सणाला आलेल्या घरातली बाई लांबून पदर नाकाला लावून बघायची, ते बरोबरच होतं.

आता शिसं. कथील शिशापेक्षा दहापटीहून महाग. गिऱ्हाईक म्हणतं, मागच्या वेळी एवढेच दिले होते. मग कांडी ओततानाच त्यात शिसं जातं. दोन्ही पांढरी, दोन्ही मऊ, आणि शिसं घातलं की वितळायलाही सोपं, बोळा भराभर फिरतो. आबा करायचे नाहीत, म्हणून आबांच्या हाती कधी पैसा राहिला नाही. शेजारचा करायचा, त्याने रिक्षा घेतली.

ओळखायचं कसं? आबा बाजारात कांडी घेताना कानाशी धरून वाकवायचे. निखळ कथील वाकताना रडतं. बारीक कुरकुर, काचेवरून पाऊल गेल्यासारखी. शिसं गप्प वाकतं. दुकानदार कांडी पुढे करायचा तेव्हा आबा दुकानातल्या सगळ्यांना हाताने गप्प करायचे. मला लहानपणी वाटायचं ते कांडीला काहीतरी विचारतायत.

भांड्यावर चढलेल्या कल्हईचं मात्र कान लावून कळत नाही. ती लवकर काळवंडते, पांढरं फडकं घासलं तर फडक्यावर काळसर उतरते. उंबरठाताईंनी मणी ठेवले असतील तर एक कागदावर घासून बघा. शिसं पेन्सिलीसारखी रेघ ओढतं.

निमकी
हा या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रतिसाद. तुम्ही लिहीत का नाही इथे?

धातुवेडा
भाता, मुजरा घ्या. ते रडणं म्हणजे आतल्या स्फटिकांची मांडणी वाकताना झटक्यात पालटते त्याचा आवाज.

कागदाच्या कसोटीबद्दल एक सावधगिरी. भरपूर शिसं असेल तरच ठळक रेघ येते. रेघ नाही म्हणजे शिसं नाही, असा अर्थ काढू नका. खात्री हवी तर प्रयोगशाळेत क्ष-किरणांच्या यंत्राने दोन मिनिटांत कळतं. सोनं तपासणाऱ्या काही पेढ्यांकडेही तसलं यंत्र असतं.

फ्राउ_देशपांडे
जर्मनीतून. इथे उलटा रोग, गरम करून नव्हे तर गार करून! 13 अंशांच्या खाली बराच काळ राहिलं तर निखळ कथलाची करडी भुकटी होऊ शकते. जुन्या चर्चमधल्या ऑर्गनच्या नळ्यांना फोड येऊन भोकं पडायची, लोकांना वाटायचं सैतानाचं काम. नेपोलियनच्या सैन्याची कथलाची बटणं रशियाच्या थंडीत अशीच भुगा झाली म्हणतात.

धातुवेडा
ऑर्गनचं खरं, बटणांची दंतकथा. हा बदल फार सावकाश होतो आणि धातूत जराशी भेसळ असली तरी अडतो. त्या काळच्या बटणांत भेसळ भरपूर असणार.

खडूस
म्हणजे नेपोलियनचा कल्हईवाला शेजारचा होता, आबा नव्हते.

स्टेथो
डॉक्टर आहे, तेवढ्यापुरतं लिहितो.

कथील: आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, पाच टक्क्यांच्याही आत. त्रास होतो तो एकदम जास्त गेलं तर: मळमळ, उलटी, पोटात मुरडा, आणि एक-दोन दिवसांत बरं. हे बहुधा डबाबंद आंबट पदार्थांतून होतं. म्हणून डबाबंद अन्नात किलोमागे 250 मिलिग्रॅम आणि पेयांत 150 अशी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा आहे. हापूसच्या रसाचा नाहीतर अननसाचा डबा फोडला की उरलेलं काचेच्या बरणीत काढा, डबा तसाच फ्रीजमध्ये ठेवू नका. हवा लागली की आंबट रसात कथील भराभर उतरतं. हल्लीच्या बऱ्याच डब्यांना आतून लेप असतो, तरीही.

कथलाची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली, भट्टीवरच्या कामगारांच्या जाते तशी, तर एक्स-रेत फुप्फुसं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली दिसतात. एक्स-रे बघून डॉक्टरला घाम फुटावा आणि पेशंट मात्र दोन जिने चढून आलेला असावा. त्याने श्वासाला सहसा फारसा फरक पडत नाही.

शिशाचं मात्र तसं नाही. मुलांच्या रक्तात शिशाची सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेचं स्पष्ट म्हणणं आहे. आणि मुलांचं आतडं मोठ्यांपेक्षा कितीतरी जास्त शिसं ओढून घेतं. उंबरठा, त्या सात मिनिटांच्या धुराने काही झालं असेल असं मला वाटत नाही. पण महिनाभर त्या पातेल्यात काय काय शिजवलं? ताक, चिंच, टोमॅटो? मुलाने खाल्लं? तुमच्या डॉक्टरांना विचारून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, एक साधी चाचणी आहे.

जागरूक_नागरिक
मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

खडूस
तुम्ही गोगलगायींबद्दल म्हणत होतात.

सात्त्विक
मग कल्हईच नको. नुसत्या पितळेत करा.

शेंगदाणे_आजी
अरे बाबा, नुसत्या पितळेत कढी कर आणि दुपारपर्यंत ठेव. हिरवी कळकलेली कढी खाऊन घरभर ओकाऱ्या झालेल्या पाहिल्यात मी. त्यासाठीच तर कल्हई. नाहीतर एवढा खर्च आणि एवढा धूर कुणी हौसेने केला असता का?

आणि भाता, मी का रागावू? आम्ही त्या मुलाला चहा बशीतून द्यायचो, वेगळ्या बशीतून. तेही आठवतं मला. ते मघाशी लिहिलं नाही.

भाता
आजी, _/\_

उंबरठा
आठवड्याने अपडेट देते.

मणी एका काड्यापेटीत भरून ठेवले होते. त्यातला एक कोऱ्या कागदावर घासला. रेघ आली. फिकट नाही, चांगली दोन नंबरच्या पेन्सिलीसारखी, मुलगा "आई, चित्र काढ" म्हणाला.

रविवारी तो कल्हईवाला परत फाटकाशी दिसला. भांडायला म्हणून गेले, पण साठीचा माणूस, उन्हात बसलेला, भांडण निघेना. म्हटलं, दादा, तुमची कांडी द्या जरा. कानाशी धरून वाकवली. काही नाही, मऊ मेणासारखी वाकली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हसला आणि विचारलं, "कुणी शिकवलं?" म्हटलं, कऱ्हाडकडचे आहेत एक. त्याने पिशवीत खोल हात घालून फडक्यात गुंडाळलेली दुसरी कांडी काढली. "ही हलवायांची. ते ओळखतात." ती वाकवली आणि भाता, शप्पथ, रडली! एवढ्या ट्रॅफिकमध्ये ऐकू आली. अंगावर काटा आला.

पैसे विचारले तर दुप्पटीहून जास्त सांगितले. आणि वर म्हणाला, "लोकं देतात का?" मी तरी पहिल्या वेळी त्याच्याशी घासाघीस केलीच होती, पन्नास रुपयांसाठी.

मुलाची रक्ततपासणी केली, रिपोर्ट डॉक्टरांनी पाहिला, काळजी करण्यासारखं काही नाही म्हणाले. तीन महिन्यांनी परत करायची आहे.

भाता
बरं झालं. नवीन करून घ्याल तेव्हा समोर उभ्या राहा. जुनी कल्हई भट्टीवर वितळवून पूर्ण पुसून काढायला लावा, बोळा दोनदा बदलायला लावा. वरच्यावर चढवली तर खालचं शिसं त्यात मिसळणारच. मुलाला आणू नका, आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबा. घरी आणल्यावर पाणी भरून खळखळ उकळून ओतून द्या, काठाच्या वळीत नवसागर राहतो. ती काड्यापेटी मुलाच्या हाताला लागू देऊ नका.

डाख
मणी मला कुरियर करा, जुन्या रेडिओंना लागतात.

खडूस
कुरियरवरून आठवलं. एवढं रामायण ज्याच्यामुळे झालं, त्या पार्सलमध्ये होतं काय?

उंबरठा
नॉनस्टिक तवा. नणंदेने पाठवलाय.